शेवटचं बोलणं आधी बोलू या

 

दर वेळी आपण शेळीपालन, बँकेचं कर्ज, मुलींची शाळा, अंगावरचं पांढरं जाणं, अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा जड आहे. घरात म्हातारी माणसं ऐकत असतील तर रेडिओ बंद करू नका, उलट त्यांनाही जवळ बसवा. विषय आहे इच्छामरणाचा. माणूस मरणाच्या दारात असताना मशीन लावायचं की नाही, लावलेलं काढायचं की नाही, आणि हे ठरवायचं कुणी, याचा.

हा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. तो आमच्या गटाच्या बैठकीत आला. आमच्या एका सदस्येनं सांगायची परवानगी दिली आहे, पण नाव सांगायचं नाही असं ठरलंय. आपण तिला अक्का म्हणू.

अक्काच्या सासूबाईंना पहाटे गोठ्यात चक्कर आली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नगरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं, श्वासाचं मशीन लावलं. अकरा दिवस त्या मशीनवर होत्या. पहिल्या आठवड्यात अक्कानं गटातून चाळीस हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. मग गाभण कालवड विकली. मग दिरानं सोसायटीचे पैसे उचलले. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी अक्काच्या मालकांना आणि दिराला बाहेर बोलावलं. सुधारणा नाही, मेंदू साथ देत नाही, पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा, असं सांगितलं. दोघा भावांनी जिन्यात उभं राहून ठरवलं. कागदावर सही केली, ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत.’ रात्री गाडी घरी आली. तांबडं फुटायच्या आत सासूबाई गेल्या.

तेराव्यानंतर अक्का बैठकीला आली. बचतीचे पैसे मोजले, वही पुढं सरकवली आणि म्हणाली, “मला एक विचारायचंय. आम्ही आईला मारलं का?”

कुणालाच काही बोलता येईना. मग तिनंच पुढं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी चाळीत कांदे निवडताना सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, “मला नळ्या लावून ठेवू नका गं. माझ्या पडवीत मला जाऊ द्या.” ही गोष्ट फक्त अक्काला माहीत होती. अकरा दिवस उशाशी ती बसली होती, तोंड तीच पुसत होती, पण तिला कुणी विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही. सुनेनं असं बोललं तर लोक काय म्हणतील, याची भीती. “शेवटी आईच्या मनासारखंच झालं,” ती म्हणाली, “पण आईचं मन कुणी विचारात घेतलंच नव्हतं. पैसे संपले म्हणून आणलं. पैसे असते तर आणलं असतं का?”

बायांनो, ही एकट्या अक्काची गोष्ट नाही. ‘घरी घेऊन जा’ हे तीन शब्द आपल्यातल्या कितीतरी घरांनी ऐकलेत. म्हणून आम्ही ठरवलं, या प्रश्नाची नीट माहिती घ्यायची. ती आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपण ‘इच्छामरण’ हा एकच शब्द वापरतो, पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली गोष्ट, डॉक्टरनं किंवा कुणीही औषध देऊन माणसाचा जीव घेणं, किंवा माणसाला स्वतःचा जीव घ्यायला मदत करणं. आपल्या देशात हा गुन्हा आहे. आजारी माणसानं हात जोडून मागितलं तरी गुन्हाच. दुसरी गोष्ट, बरं होण्याची आशा उरली नाही तेव्हा, जीव नुसता लांबवणारे उपचार सुरू न करणं किंवा थांबवणं, आणि आजाराला त्याच्या वाटेनं जाऊ देणं. याला आपल्याकडे ठरलेल्या रीतीनं परवानगी आहे. तिसरी गोष्ट, वेदना कमी करण्यासाठी औषध देणं. हे मारणं नाहीच, हा उपचार आहे. चौथी गोष्ट, पैसे नाहीत म्हणून उपचार सोडणं. याला इच्छामरण म्हणूच नये. यात कुणाचीच इच्छा नसते.

अक्काच्या घरी नेमकं काय झालं? दुसऱ्या आणि चौथ्या गोष्टीची सरमिसळ झाली. तिच्या मनाला जे खुपतंय ते तेच आहे.

आता दुसऱ्या गोष्टीला आपल्या देशात परवानगी कशी मिळाली, ते सांगतो. ती कहाणी आपल्याच महाराष्ट्रातली आहे, आणि तीही एका बाईची.

बहात्तरचा दुष्काळ तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. त्याच्या पुढच्या वर्षी, २७ नोव्हेंबर १९७३ ला, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नावाच्या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगारानं अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. जीव वाचला, पण अरुणाताई पुन्हा कधी नीट बोलल्या नाहीत, चालल्या नाहीत. मूळच्या त्या कारवारकडच्या हळदीपूरच्या. लग्न ठरलेलं होतं. हल्लेखोराला मारहाण आणि चोरी यांसाठी शिक्षा झाली, सात वर्षांची. बलात्काराचा गुन्हा त्याच्यावर लागलाच नाही. तो सुटून बाहेर आला आणि अरुणाताई त्याच रुग्णालयात खाटेवर राहिल्या.

एक-दोन नव्हे, जवळजवळ बेचाळीस वर्षं. घरचे हळूहळू दूर झाले. सांभाळलं ते केईएमच्या परिचारिकांनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. जेवण बारीक करून भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, हे सगळं त्यांनी केलं. इतकी वर्षं अंथरुणात असूनही त्यांना पाठीला जखमा झाल्या नाहीत, अशी नोंद आहे. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं केलंय त्यांना कळेल, ही किती मोठी गोष्ट आहे.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाताईंवर पुस्तक लिहिलं आणि पुढं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांचं म्हणणं, हे जगणं नव्हे, या बाईला आणखी किती वर्षं असं ठेवणार? तिला सुटू द्या. परिचारिकांनी आणि रुग्णालयानं विरोध केला. त्या म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिचं करतोय, करत राहू.

दोन्ही बाजूंना माया होती, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटलं. अशा भांडणात एक बाजू दुष्ट आणि एक बाजू चांगली असं आपण समजतो. इथं तसं नव्हतं.

७ मार्च २०११ ला निकाल लागला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. त्यांनी म्हटलं, अरुणासाठी बोलण्याचा हक्क तिला रोज सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे, आणि त्यांना तिनं जगावं असं वाटतं. पण त्याच निकालात पहिल्यांदा असंही म्हटलं, की अगदी निवडक प्रसंगी, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, जीव लांबवणारे उपचार थांबवता येतील. १८ मे २०१५ ला अरुणाताई न्यूमोनियानं गेल्या.

आमच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा अक्का एकच वाक्य बोलली, “म्हणजे कोर्टानं करणारीला विचारलं.”

हो, विचारलं. कागदोपत्री नात्यापेक्षा जी रोज अंग पुसते, भरवते, तिचा शब्द न्यायालयानं वजनदार मानला. आपल्या घरांत उलट होतं. करणारी सून, मुलगी, सवाष्ण असो की विधवा बहीण, ती उशाशी असते, आणि निर्णय जिन्यात होतो. हे बदललं पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. सही कुणाचीही असो, बोलणीच्या वेळी करणारी बाई तिथं हवी.

पुढं ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी आणखी मोठा निकाल दिला. सन्मानानं मरणं हा सन्मानानं जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं. आणि धडधाकट असताना माणसाला लिहून ठेवण्याची मुभा दिली, की पुढं मी बोलण्याच्या अवस्थेत नसेन आणि बरं होण्याची आशा नसेल, तर मला कोणते उपचार नकोत. याला लिव्हिंग विल म्हणतात. आपण त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. जमीन-घराच्या मृत्युपत्राशी याचा काही संबंध नाही. मृत्युपत्र आपण गेल्यावर उघडतात, हे आपण जिवंत असताना वापरायचं असतं. यात सातबारा नाही, दागिने नाहीत, फक्त उपचारांविषयी लिहायचं.

सुरुवातीला याची रीत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं ती सोपी केली. आता असं आहे. आपण सज्ञान आणि शुद्धीवर असायला हवं, कुणाच्या दबावाखाली नको. लेखी हवं. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो घराबाहेरचे. आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करायचं. आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्यांची नावं त्यात घालायची. एकापेक्षा जास्त नावं घालता येतात. म्हणजे मुलाबरोबर सुनेचं किंवा मुलीचं नावही घालता येतं. मन बदललं तर कधीही लेखी देऊन रद्द करता येतं.

आणि ऐका, न्यायालयाच्या आदेशात असंही आहे की या कागदाची एक प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची. महापालिका, नगरपालिका, आणि पंचायतसुद्धा. तिथं तो कागद सांभाळायला माणूस नेमलेला असला पाहिजे. मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं, आणि असे सांभाळणारे अधिकारी नेमावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दादही मागितली. आपण निदान एवढं करू शकतो, की ग्रामसेवकांना विचारायचं, ‘भाऊसाहेब, असा कागद आमच्या पंचायतीत द्यायचा झाला तर कुणाकडे द्यायचा?’ चार गावांतून हा प्रश्न आला की उत्तर शोधावंच लागेल.

कागद असला म्हणून डॉक्टर लगेच मशीन काढत नाहीत. रुग्णालयात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ मिळून पहिलं मंडळ बसतं. मग दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर आणि वेगळे दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. नेमून दिलेल्या नातेवाइकांची संमती लागते. उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मंडळांनी नाही म्हटलं तर उच्च न्यायालयात जाता येतं. इच्छापत्र नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं हीच वाट आहे.

एवढी कुंपणं कशाला, असं आमच्यातल्या काहींना वाटलं. पण जमिनीच्या वाटणीसाठी म्हातारीच्या मरणाची वाट बघणारी घरं आपण पाहिलेली नाहीत का? ही कुंपणं त्या म्हातारीसाठी आहेत.

आता आमच्या बैठकीत काय वाद झाला ते सांगतो. कारण आमचं सगळ्यांचं एकमत झालं नाही, आणि झालं असं खोटं सांगायचं नाही.

एक काकू म्हणाल्या, “जन्म त्यानं दिला, न्यायचंही त्यानंच. आपण मधे पडू नये.” त्यावर एक तरुण सदस्या म्हणाली, “काकू, मशीन काय देवानं लावलं? मधे तर आपण आधीच पडलोय.” काकू गप्प झाल्या, पण पटलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, “लावणं वेगळं, काढणं वेगळं. काढायला हात धजत नाही.” हे खरंच आहे. कायद्यानं दोन्ही सारखं धरलं तरी मनाला ते सारखं वाटत नाही. म्हणूनच लावायच्या आधी विचारायला हवं, की हे कशासाठी लावतोय आणि किती दिवस.

दुसरी सदस्या म्हणाली, “माझी आई कॅन्सरनं तीन महिने ओरडत होती. ‘मला काहीतरी द्या आणि मोकळं करा’ म्हणायची. तेव्हा इंजेक्शन का देऊ नये? नेदरलँड, कॅनडात देतात म्हणे.” देतात, हे खरं. नेदरलँडमध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून तसा कायदा आहे. तिथं डॉक्टर तपासतात, रोग्याची इच्छा पुन्हा पुन्हा विचारतात. ज्यांना असह्य यातना आहेत त्यांना हा आधार वाटतो, हेही खरं. पण कॅनडानं २०२१ मध्ये ज्यांचं मरण जवळ नाही अशांनाही ही वाट मोकळी केली, तेव्हा तिथल्या अपंग लोकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, आम्हाला घर, मदतनीस, औषध नीट द्या, ते न देता मरण सोपं करून देऊ नका.

हा आक्षेप आम्हाला आपल्या गावांसाठी फार खरा वाटला. आपल्याकडची म्हातारी बाई काय म्हणते? “मी तुम्हाला ओझं झाले गं.” ती आयुष्यभर स्वतःच्या वाटचं दुसऱ्याच्या ताटात वाढत आली. उद्या मरणाचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळायला लागलं, तर ती घरासाठी तेही मागेल. तिला खरंच मरायचंय, की ओझं व्हायचं नाहीये? हा फरक आपल्याकडे कोण तपासणार? दुसरीकडे, आईचं ओरडणं जिनं ऐकलं तिला आम्ही ‘तू चूक’ असं म्हणू शकलो नाही. इंजेक्शनच्या प्रश्नावर आमचं दोन्हीकडं मत राहिलं, ते तसंच सांगतो.

पण तिच्या आईच्या बाबतीत एक गोष्ट बैठकीत कळली आणि सगळ्यांना वाईट वाटलं. तिला दुखण्यावर साध्या गोळ्यांपलीकडे काही मिळालंच नव्हतं. कॅन्सरच्या शेवटच्या वेदनांवर मॉर्फिन नावाचं औषध आहे. त्याच्या गोळ्याही मिळतात. ते अफूपासून बनतं म्हणून पूर्वी नियम फार कडक होते. २०१४ मध्ये कायद्यात बदल करून ते मिळणं सोपं केलं. डॉक्टरांच्या देखरेखीत ते वेदनेपुरतं घेतलं तर माणूस सहसा व्यसनी होत नाही. अशा उपचाराला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार बरा करणं हातात नसतं तेव्हा वेदना, धाप, मळमळ, जखमा, मनाची घालमेल, यांवर इलाज करायचा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हा विभाग आहे. मुंबईतच शांती आवेदना सदन १९८६ पासून असे रोगी सांभाळतं. आपल्याला जवळ म्हणजे पुण्याला, वारजे इथं सिप्लाचं केंद्र आहे, तिथं कॅन्सरच्या रोग्यांना विनामूल्य ठेवून घेतात, आणि घरच्या माणसाला सेवा कशी करायची तेही शिकवतात. जिल्हा रुग्णालयातही याची चौकशी करा. आशाताईंना विचारा. मरण मागणाऱ्या कितीतरी माणसांना खरं तर दुखणं थांबायला हवं असतं. ते थांबवल्यावर काय मागतात ते बघू. आधी दुखणं थांबवायचं, हे तरी आपलं कर्तव्यच आहे.

आणखी एक मुद्दा निघाला. कुणीतरी म्हणालं, “आपल्याकडे संतांनी समाधी घेतली, ते काय होतं?” बरोबर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या माउलींनी १२९६ मध्ये आळंदीला संजीवन समाधी घेतली. जैन धर्मात सल्लेखनेचं व्रत आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला ते घेतलं. आणि विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला हृदयविकारानंतर अन्न आणि औषध घ्यायचं थांबवलं. लोक विनवत होते, पण ते आपल्या निश्चयावर राहिले, आणि १५ नोव्हेंबरला गेले.

म्हणजे आपल्या परंपरेला शांतपणे जाऊ देणं परकं नाही. पण यात एक गोष्ट नीट बघा. या सगळ्यांनी ते स्वतःबद्दल, स्वतः, पूर्ण शुद्धीत ठरवलं. कुणी दुसऱ्यानं त्यांच्यासाठी ठरवलं नाही, आणि कुणी कंटाळून किंवा कर्जापायी ठरवलं नाही. त्यांचं नाव घेऊन आपण आपल्या सासूचं अन्न तोडू शकत नाही.

२०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या ठाकूरद्वारच्या नारायण आणि इरावती लवाटे या वृद्ध नवरा-बायकोंनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं होतं. ते एसटीतून निवृत्त, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मूलबाळ नाही, मोठा आजार नाही. आजारपण येऊन दुसऱ्यावर अवलंबून राहण्याआधी आम्हाला मरण्याची परवानगी द्या, असं त्यांचं म्हणणं. कायद्यात ते बसत नाही. २०१८ च्या निकालानंही त्यांचा प्रश्न सुटला नाही. आमच्या बैठकीत त्यावर एक सदस्या म्हणाली, “त्यांना मरणाची भीती नाही, परावलंबी होण्याची आहे. ती तर मलाही आहे.” आपल्या गावात किती जणांना असेल? म्हणून म्हातारपणी आपलं कुणीतरी करेल, हा विश्वास गावानं द्यायला हवा. गटातली एखादी एकटी बाई आजारी पडली तर पाळीनं जाऊन तिचं करायचं, हे आम्ही आता गटाच्या नियमात घातलंय.

आणि एक. घरात कुणी आजार नसताना, किंवा कर्ज, भांडण, दारू, एकटेपणा यांपायी ‘मला जगायचं नाही’ असं म्हणत असेल, तर तो आजच्या विषयापेक्षा वेगळा प्रश्न आहे. त्याला एकटं सोडू नका, बोलतं करा. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

आता आपण काय करायचं?

आमच्या हिवरे बाजारात पाऊस बेताचाच पडतो. पण पावसाळा संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. प्यायला किती, जनावरांना किती, शेतीला किती उरतं, ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवून मग पिकं ठरतात. विहीर आटल्यावर ठरवायला बसत नाहीत. ही सवय पोपटराव पवार आणि गावानं मिळून लावली. आम्हाला वाटतं, शेवटच्या आजाराचंही असंच करावं. धडधाकट असताना, सगळ्यांसमोर बोलून घ्यावं. दवाखान्याच्या जिन्यात नव्हे.

एक काम घरात करा. सणाला सगळे जमतात तेव्हा म्हाताऱ्या माणसांना विचारा, ‘आई, बोलता येईनासं झालं तर तुमच्यासाठी कुणी बोलायचं? काय हवं, काय नको?’ अभद्र म्हणून टाळू नका. विचारल्यानं मरण जवळ येत नाही. आणि स्वतःचंही सांगा. कागद करता आला तर उत्तम, नाही तर निदान चार माणसांना माहीत असू द्या.

दुसरं काम दवाखान्यात. घाबरून सही करण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. बरं होण्याची आशा किती? हे मशीन लावून काय साधेल, आणि किती दिवसांत ते कळेल? दुखणं आणि धाप कमी करायला काय देणार? घरी नेलं तर कोणती औषधं द्यायची आणि रात्री कुणाला फोन करायचा? ‘घरी न्या’ म्हटलं तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय निघू नका. उपचार थांबले म्हणजे सेवा थांबत नाही. ओठ ओले करणं, कूस बदलणं, दुखण्याचं औषध, हात हातात धरणं, हे शेवटच्या श्वासापर्यंत चालू राहतं.

आणि तिसरं, पैशाचं. कर्ज काढण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो आजार बसतो का, रुग्णालय त्या योजनेत आहे का, ते पहिल्याच दिवशी विचारा. पैसा संपला हे मरणाचं कारण होऊ नये, आणि आशा नसताना नुसत्या लोकलाजेखातर घरही बुडू नये.

अक्काच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिलं? आम्ही म्हणालो, तुम्ही त्यांना मारलं नाही. आजारानं त्या गेल्या. डॉक्टरांनी आशा नाही असं सांगितलं होतं. पण त्यांचा शब्द तुझ्याजवळ होता आणि तो बोलायला तुला जागा नव्हती, ही चूक तुझ्या एकटीची नाही, आपल्या सगळ्यांच्या घरांची आहे. ती रडली. मग तिनं सांगितलं की मालकांना तिनं ते कांद्याच्या चाळीतलं बोलणं आता सांगितलंय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे तू तेव्हाच सांगायचं होतंस. मी इतके दिवस झोपलो नाही.”

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर आम्ही एक फेरी केली. प्रत्येकीनं आपल्याबद्दल एक वाक्य सांगायचं, आणि ते गटाच्या वहीत लिहायचं. कायद्यानं त्याला किंमत नाही, ते आम्हाला माहीत आहे. पण पहिल्यांदा बोललं तरी गेलं. अक्का म्हणाली, “मला मशीन नको, आणि माझ्यासाठी माझी लेक बोलंल.” कुणी म्हणालं, “दुखायला नको, बाकी काहीही करा.” आणि ‘जन्म त्यानं दिला’ म्हणणाऱ्या काकूंची पाळी आली. त्या म्हणाल्या, “माझं लिहा. सगळं करा, मशीन बी लावा. मला नातीचं लगीन बघायचंय.”

सगळ्या हसल्या. तेही आम्ही वहीत जसंच्या तसं लिहिलं.

तुमच्या गटातही अशी फेरी करून बघा.